कंपनी बंद पडली नव्हती

अण्णा, मागच्या वेळी मी तुम्हाला लिहिलं होतं की तुमची कंपनी बंद पडली तेव्हा मी सहावीत होते. त्यात दोन चुका आहेत. मी सातवीत होते, आणि कंपनी बंद पडली नव्हती. ती भोसरीतून उठून चाकणच्या पलीकडच्या एका गावात गेली होती आणि आजही तिथे चालू आहे. गेल्या महिन्यात मी त्या शेडमध्ये जाऊन आले. ते पत्र कुणी वाचलेलं नाही, ते माझ्या कपाटात जुन्या स्वेटरखाली आहे, त्यामुळे तिथली चूक एक वेळ राहिली असती तरी चाललं असतं. पण हेच वाक्य मी अकरावीच्या फीसवलतीच्या अर्जात लिहिलं होतं. बँकेत शैक्षणिक कर्ज मागायला गेले तेव्हा तिथल्या साहेबांना सांगितलं होतं. आत्ताच्या नोकरीच्या मुलाखतीत घरची माहिती विचारली तेव्हाही तेच सांगितलं, आणि समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावर जरा कणव आली ती मला बरी वाटली होती. वडिलांची कंपनी बंद पडली. इतकी वर्षं हे मी माझ्या जन्मतारखेइतक्या सहज सांगत आले. तुम्हीच सांगितलं होतं ना, मग तपासायचं कशाला.

तुम्ही सांगितलेलं मी कधीच तपासलं नाही, कारण तपासायचं कसं हेही तुम्हीच शिकवलं होतं. आपण तेव्हा नाशिक रस्त्याला लागून असलेल्या चाळीत राहायचो आणि शाळा रस्त्याच्या पलीकडे होती. शेजारच्या मुलीचा पाय ट्रकखाली आला त्या आठवड्यात आईने सांगून टाकलं की पलीकडे जायला धड वाट होईस्तोवर माझी लेक घरात राहील. तुम्ही वाद घातला नाही. पहिली आणि दुसरी मी स्वयंपाकघरातच केली. तुमची सेकंड शिफ्ट असली की सकाळी, फर्स्ट असली की चारनंतर. आई रबरी वॉशरांच्या कडा ब्लेडने कापत बसलेली असायची, गोणीतून ओतलेल्या वॉशरांचा ढीग तिच्या गुडघ्याला टेकलेला, आणि त्या काळ्या रबराचा वास वरणभातालाही यायचा. कंपनीत प्रेसच्या मशीनवर तुमच्या उजव्या हाताच्या बोटाचं पेर गेलं होतं, त्यानंतर तुम्हाला इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवलं होतं. तिथे करायचात तेच तुम्ही घरी आणलंत. तीन ताटल्या मांडायच्या. एकीत चांगले नग, दुसरीत पुन्हा कापून दुरुस्त होतील ते, तिसरीत फेकायचे. त्या ताटल्यांवर मी बेरीज शिकले, वजाबाकी शिकले, आणि मराठीतला पहिला शब्द लिहिला तोही तिसऱ्या ताटलीखालच्या कागदावर, लाल खडूने, ‘बाद’.

तो रविवार मला अजून दिसतो. आई भाकऱ्या थापतेय, तव्यावरची एक फुगलीय, आणि मी मोठ्या आवाजात सांगतेय की आज आपण इतके इतके नग केले. तुम्ही वर्तमानपत्र खाली ठेवता. गोणीबरोबर आलेली चिठ्ठी बघता. माझा आकडा चिठ्ठीपेक्षा मोठा आहे. मला वाटतं तुम्ही शाबासकी देणार. दुसऱ्या ताटलीतले नग आईने पुन्हा कापून दिल्यावर मी ते चांगल्यांत टाकले होते आणि नव्याने मोजले होते, आधीच्या मोजणीतून वजा न करता. तुम्ही रागावला नाहीत, आवाजही चढवला नाही, त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

“गोणीत होते तेवढेच नग हायेत, माय,” तुम्ही म्हणालात. “मग आकडा कुठून वाढायलाय?”

मग सगळं पुन्हा गोणीत भरायला लावलंत आणि पहिल्यापासून मोजायला लावलंत. आई म्हणाली, लेकराला आधी जेवू द्या. तुम्ही म्हणालात, जेवण कुठं पळून जायलंय का. भाकऱ्या गार झाल्या. मी रडत मोजत होते आणि तुम्ही समोर बसून, एकदाही मध्ये न बोलता, माझ्याबरोबर ओठ हलवत होतात.

पुढे रस्त्याखालून भुयारी मार्ग झाला. त्यात पाणी साचायचं, दिवा महिन्यातून चार दिवस चालायचा, पण त्यातून जाऊन मी थेट तिसरीत बसले. मुख्याध्यापिका बाईंनी पाढे विचारले आणि विचारलं की हिला शिकवलं कुणी. तुम्ही कामावरच्या खाकी शर्टात उभे होतात आणि तुम्ही आईकडे बोट दाखवलंत. आज माझ्या कामात अशा भुयारी मार्गांना ‘किरकोळ कामे’ म्हणतात. अहवालात ती शेवटच्या परिशिष्टात येतात आणि त्यांचा परिणाम कुणी मोजत नाही. मीही आजवर मोजलेला नाही.

कंपनीचं तुम्ही सांगितलंत तो दिवस मी मागच्या पत्रात लिहिला होता, तेवढा बरोबर आहे. तुम्ही दुपारीच घरी आलात. हातात स्टीलचा मोठा डबा होता, दिवाळीला दोन महिने असताना. आईने विचारलं की हे काय मध्येच, तर म्हणालात, कंपनी बंद झाली, मालकानं जाताना सगळ्यांना दिलं. आई मालकाला खूप बोलली. तुम्ही चप्पल काढून मोरीत पाय धूत होतात, बराच वेळ. त्यानंतर तुम्ही सांगवीतल्या एका सोसायटीत वॉचमन झालात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचात, आणि त्या वहीतही खाडाखोड नसायची. सोसायटीतली लहान मुलं तुम्हाला इन्स्पेक्टर म्हणायची, चिडवायला, आणि तुम्हाला ते आवडायचं. पाच वर्षं सायकलवर गेलात-आलात. मी बारावीत असताना छातीत दुखतंय म्हणून एका दुपारी सायकल तिथेच ठेवून रिक्षाने आलात, तुम्ही आयुष्यात बहुतेक एकट्यासाठी केलेली पहिली रिक्षा, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही नव्हतात. हे सगळं कंपनी बंद पडल्यामुळे झालं, असं आम्ही दोघी धरून चाललो. कुणाला तरी दोष देता येत होता, आणि तो दोष एका कुलूप लावलेल्या दारावर होता, त्यामुळे तिथे जाऊन भांडायचीही गरज नव्हती.

आता माझ्या नोकरीचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं ऑफिस चिंचवडला आहे, सात माणसांचं. सरकारी खात्यांना रस्ता, पूल, पाण्याची लाइन अशा कामांआधी आणि कामांनंतर पाहणी करून अहवाल लागतात, ते आम्ही करतो. या वेळी प्रश्न असा होता की पूर्वी नाशिक रस्त्याच्या रुंदीकरणावर जो सरकारी पैसा लागला, त्याने या पट्ट्याची वाढ किती झाली. हे काम सरांनी मला दिलं. सर म्हणजे आमच्या ऑफिसचे मालक, मनाने चांगले, मला आजवर एकदाही उशिरा थांबवून घेतलं नाही असे. दारोदार जाऊन मोजायला ना माणसं होती ना वेळ. म्हणून मी रस्त्यालगतच्या गावांतल्या औद्योगिक वीजजोडण्यांची यादी मिळवली. रुंदीकरणानंतर जिथे नवं मीटर बसलं तिथे नवा उद्योग आला, असं धरलं. मला ती युक्ती फार स्वच्छ वाटली होती. माणसं वाढवून-चढवून सांगतात, मीटर काही सांगत नाही. आणि शेवटी मी लिहिलं की रुंदीकरणानंतर या पट्ट्यात मोठ्या संख्येने नवे उद्योग उभे राहिले व रोजगार वाढला. ते वाक्य सरांना इतकं आवडलं की त्यांनी ते सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत घेतलं.

त्या वाक्यावर आता बरंच अवलंबून आहे. यंदाच्या निधीतून एकच गोष्ट होईल असं सांगितलं गेलंय. एक प्रस्ताव आहे रस्त्याच्या दुसऱ्या टप्प्याचा, म्हणजे खांबांवरून जाणाऱ्या रस्त्याचा, ट्रक थांबू नयेत म्हणून. दुसरीकडे त्या किरकोळ कामांची लांबलचक यादी आहे: पाच गावांच्या फाट्यांवर भुयारी मार्ग, पहाटेच्या शिफ्टला पोचवतील अशा बसगाड्या, एका हायस्कूलची इमारत, भोसरीतल्या जुन्या वसाहतीतली गटारं. दोन्ही एका समितीपुढे आहेत. पहिल्या रस्त्याने नवं काम आणलं असेल तर दुसरा टप्पा हवाच, हे कुणालाही पटेल, आणि त्याला पुरावा म्हणून माझा तक्ता जोडलाय.

अहवाल देऊन झाल्यावरची गोष्ट. आई आणि मी आता संत तुकाराम नगरात राहतो, भाड्यानेच, पण रबराचा वास येत नाही. एका रविवारी आई ज्वारीचं पीठ त्या स्टीलच्या डब्यात भरत होती आणि मी झाकण धरून उभी होते. झाकणावर कंपनीचं नाव कोरलेलं आहे. लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून न वाचलेलं. घरात आपण तिला नावाने कधी हाक मारलीच नाही, नुसतं ‘कंपनी’ म्हणायचो. त्या दिवशी मी ते नाव वाचलं आणि मला वाटलं की हे मी नुकतंच कुठेतरी टाइप केलंय. सोमवारी ऑफिसात जाऊन पाहिलं. होतं. माझ्याच तक्त्यात, नव्या उद्योगांच्या रकान्यात, एकाखाली एक तीनदा. मी जिला बंद पडलेली म्हणत आले तीच कंपनी मी स्वतःच्या हाताने नव्या उद्योगांमध्ये तीन वेळा मोजली होती.

आईला काही न सांगता मी बुधवारी रजा टाकून गेले. मोशीच्या पुढे बस उभी राहिली ती राहिलीच. शेजारची बाई स्वेटर विणत होती, रोजची सवय असल्यासारखी. चाकणला उतरून सहा आसनी रिक्षा, मग फाट्यावरून चालत. शेड साधीच आहे, निळ्या पत्र्याची. बाहेर एकाच भिंतीवर तीन मीटर. दारात एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ कानावर पेन्सिल ठेवून उभे होते. मी पाहणीचं ओळखपत्र दाखवलं तसं ते म्हणाले की पाहणीवाली माणसं येतात, बाहेरनं पाटी बघतात, फोटू काढतात नि जातात, आत कोण येत नाही, तुम्ही येणार असाल तर या. ते तिथले सुपरवायझर, खेड तालुक्यातल्याच गावचे. मी तीन मीटरचं विचारलं. हसले. एक मालकाच्या नावावर, एक वहिनींच्या, एक धाकट्या भावाच्या. तुकडे केले की वीज जरा स्वस्त पडते, या ओळीत सगळ्यांचं तसंच आहे. मग विचारलं की कंपनी इथे कधी सुरू झाली. सुरू कुठली व्हायला, म्हणाले, आमची जुनीच, भोसरीची. रस्ता मोठा झाला, इकडे जागा स्वस्त होती, मोठ्या गाडीवाल्या कंपनीने माल जवळ असू द्या म्हणून सांगितलं, म्हणून मशिनं ट्रकवर घातली आणि आलो. ते बोट दाखवत होते ती प्रेस मी ओळखली असं लिहायचा मोह होतोय, पण मला प्रेस ओळखता येत नाहीत. सगळ्या सारख्याच हिरव्या असतात.

मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि हातात धरली.

“तू त्यांची पोरगी व्हय?” ते म्हणाले. “आता मॅडम म्हनू का बाळ म्हनू?”

मग त्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला आणि सांगितलं. ते तुमच्याच टेबलावर शिकले होते. तुमच्या हाताखाली एकही वाकडा नग पुढे जात नव्हता, आणि तुम्ही त्यांना एकदा सबंध पेटी उलटी करायला लावली होती म्हणून त्यांनी तुम्हाला मनातल्या मनात शिव्याही दिल्या होत्या. मग मी विचारलं की कंपनी इकडे आली तेव्हा बाकीच्यांचं काय झालं. काही आले, काही नाही आले. आणि माझे वडील?

“आमी तीनदा बोलावलं त्यान्ला,” ते म्हणाले. “मालक सोता बोलला. पन सातची शिफ्ट, आन् भोसरीवरनं पयली गाडी हितं पोचती साडेआठला. ऱ्हायला या म्हनलं, तर म्हनले, तिथं साळा सातवीपतूर हाय. हायस्कूल रोडच्या पल्याड. पोरगी आत्ता कुठं साळंत रमलीय, तिला पुन्ना रस्त्याच्या अल्याड न्हाई बसवायची.”

एवढंच. ते हे सांगून चहात बिस्किट बुडवत होते, त्यांना यात विशेष काही सांगतोय असं वाटत नव्हतं. मालकाने सगळ्यांना नव्हे, जे आले नाहीत त्यांना डबे दिले होते हेही त्यांनीच सांगितलं. मी विचारलं की हायस्कूल अजून रस्त्याच्या पलीकडेच आहे का. व्हय, म्हणाले. शिफ्ट सुटायच्या वेळी आमचा वॉचमन लाल फडकं घेऊन रस्त्यात उभा राहतो आणि बायांना पलीकडे सोडतो. मग शाळेची पोरंही त्याच्याच आधाराने जातात. रस्ता कुणासाठी झाला म्हणता, म्हणाले, मालासाठी झाला. माल वेळेत पोचतो. मग स्वतःच सावरून म्हणाले की वाईट नाही झालं, माझ्या दोन्ही पोरांना इथेच काम लागलं, घरावर चार खोल्या काढल्या, भाडं येतं. हे त्यांचं म्हणणंही मी इथे लिहून ठेवते, कारण ते मी गाळलं तर माझा हिशेब पुन्हा एका बाजूचा होईल. आणि हेही लिहिते की तुमच्याबद्दलची ही गोष्ट मला एका माणसाने, वीस वर्षांनी, आठवणीतून सांगितली आहे. पण त्यांना ती बनवून सांगायचं कारण मला सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी यादी काढली आणि पहिल्या पानापासून फोन लावायला बसले. एकच प्रश्न: इथे येण्याआधी कुठे होता. संध्याकाळपर्यंत उजवीकडच्या रकान्यात मी भोसरी, पिंपरी, भोसरी, भोसरी, चिंचवड असंच लिहीत होते. कुणी म्हणालं हो, आम्ही एकच, मीटर दोन. खरोखर नव्याही होत्या, मोठ्या गाड्यांच्या कंपन्या, त्यांच्यामागे बाहेरून आलेले काही जण. वाढ झालीच नाही असं मी म्हणत नाही. पण जे हललं ते मी वाढलेलं म्हणून मोजलं होतं, आणि जिथून हललं तिथून वजा केलं नव्हतं. शनिवारी मी भोसरीतल्या तुमच्या जुन्या गल्लीतून चालत गेले. तुमच्या शेडमध्ये आता मंडपाचं सामान ठेवतात. शेजारच्या दोन्हींना कुलूप. समोरच्या चहावाल्या मावशी म्हणाल्या, पूर्वी चहाची तीन पातेली लागायची, आता एकातलाही उरतो. हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं, कारण मला फक्त चाकणच्या बाजूचं विचारलं होतं.

मी सरांना सगळं दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं, चष्मा काढून रकाना पाहिला. म्हणाले, तू म्हणतेस ते बरोबर असेल, पण आपल्याला चाकणच्या बाजूला काय वाढलं ते विचारलं होतं आणि तिथे ते वाढलंय. भोसरीत काय कमी झालं ते कामाच्या हद्दीत नाही. मग जरा हसून म्हणाले की बाकीची माणसं पगार वाढावा म्हणून जागी असतात, तू आकडा कमी व्हावा म्हणून. मी हसले नाही तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला.

“रस्ता नसता तर ते भोसरीत राहिले असते, हे तू छातीवर हात ठेवून सांगू शकतेस?” त्यांनी विचारलं. “दुसऱ्या राज्यात गेले असते तर?”

मला नाही सांगता आलं, अण्णा. अजूनही नाही येत. कदाचित रस्त्याने ते या जिल्ह्यात राहिले. कदाचित तो रस्ता नसता तर सुपरवायझर काकांच्या मुलांना काम नसतं आणि तुमचंही गेलंच असतं. मोशीच्या कोंडीत दोन तास बसल्यावर मलाही वाटलं होतं की वरून एक रस्ता हवा. मी एवढंच म्हणाले की मग तसं लिहूया, की आम्हाला सांगता येत नाही. सर म्हणाले की सांगता येत नाही म्हणायला कुणी आपल्याला काम देत नाही. पुढे मऊ आवाजात म्हणाले की तुझ्या नावाने वेगळं काही पाठवायचं असेल तर मी अडवणार नाही, पण मग पुढच्या कामांवर तुला ठेवणं मला अवघड जाईल, हे तुला आत्ताच सांगतो. त्यांनी खोटं आश्वासन दिलं नाही, याबद्दल मला त्यांचा रागही धड करता येत नाही. या घरात येणारा पगार एकच आहे आणि आईच्या औषधांची चिठ्ठी लांब होत चाललीय.

आईला मी रविवारी सांगितलं. तिला मटार सोलायचे होते, मी समोर बसले. कंपनी बंद पडली नव्हती, अण्णांनी नाही म्हटलं होतं, माझ्या शाळेसाठी, असं सरळ सांगितलं. ती सोलत राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

“मेलेल्या माणसाचे कागद कामून काढायलीस आता?” ती म्हणाली. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मंगळवारी ताट वाढता वाढता, माझ्याकडे न बघता, इतकंच म्हणाली की मी त्या मालकाला इतकी वर्षं शिव्या दिल्या, तुझा बाप समोर बसून ऐकायचा आणि भाकरी मोडायचा.

मला तुमचा राग आलाय का ते मला कळत नाही. तुम्ही गोणीतल्या नगांवरून मला रडवलंत आणि एवढी एक मोठी गोष्ट बेलाशक चुकीच्या ताटलीत टाकलीत. आम्हाला कळू नये म्हणून तुम्ही ते केलंत हे मला दिसतं. सातवीतल्या मुलीला काय सांगणार होतात. पण आईला तरी सांगायचं होतं. पाच वर्षं सांगवीच्या फाटकाशी खुर्चीवर बसून तुम्ही दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर लिहीत होतात तेव्हा तुमच्या मनात काय चाललं असेल, याचा मी रोज विचार करते आणि दरवेळी तो अर्धाच होतो. तुम्ही नाही म्हणालात त्याला कारण एक बस होती, जी सातच्या आधी पोचत नव्हती, आणि एक रस्ता होता, जो ओलांडता येत नव्हता. रुंद केला त्या वर्षी त्याच्याबरोबर एक पहाटेची बस आणि एक भुयारी मार्गही झाला असता तर तुम्ही कदाचित आजही टेबलावर असता, किंवा निवृत्त होऊन त्या काकांसारख्या चार खोल्या काढल्या असत्या. हे मला सिद्ध करता येणार नाही. म्हणून समितीसाठी जे पत्र मी तयार केलंय त्यात ते लिहिलेलं नाही.

पत्र दीड पानाचं आहे. त्यात माझ्या तक्त्यातली चूक, ती कशी झाली, आणि दुरुस्त केल्यावर आता नेमकं काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, एवढंच आहे. दुसरा टप्पा करू नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तो निर्णय त्यांचा आहे, पण तो माझ्या चुकीवर उभा राहू नये. सोबत फोन केलेल्यांची यादी जोडलीय. खाली माझी सही, ऑफिसचा शिक्का नाही.

आता एक राहिलेलं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हे तुम्हाला लिहायचा मला हक्क नाही. चूक सापडली त्या सोमवारी, कंपनीचं नाव तीनदा दिसल्यावर, मी सगळ्यात आधी अहवालाचं पहिलं पान उघडलं आणि त्यावर माझं नाव छापलंय का ते पाहिलं. छापलेलं नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि मग मी तुमची आठवण काढली. त्या क्रमाने. आणि परवाच्या शुक्रवारी मी ते पत्र घेऊन समितीच्या कार्यालयात गेले होते. आवक-जावकच्या खिडकीपाशी रांग नव्हती. आतल्या बाईंनी विचारलं, काय द्यायचंय. मी म्हणाले, चौकशीला आलेय, खिडकी किती वाजता उघडते. त्यांनी समोरच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि मी पाटी वाचल्यासारखं करून परत आले. आज रविवार आहे. समितीची बैठक गुरुवारी आहे. सर उद्या दिवसभर ऑफिसात आहेत, त्यांना आधी तोंडाने सांगेन, कारण त्यांना ते मागून कळलेलं मला चालणार नाही. पत्र परवा देणार आहे, मंगळवारी, सकाळी साडेदहाला, खिडकी उघडते तेव्हा.